अमेरिकेतल्या राज्यांनी कोट्यवधी एकर जमिनीवर पाणी का सोडलं?

गुगल मॅप उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि अमेरिकेतल्या इंडियाना, इलिनॉय या पट्ट्यावर झूम करा. एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते. शेतं चौकोनी, रस्ते सरळसोट, जणू कुणीतरी पट्टी घेऊन वहीवर चौकटी आखल्यात. तिथून पूर्वेकडे व्हर्जिनियात या. इथं बांध वेडेवाकडे, रस्ते नदी-ओढ्याच्या कलानं गेलेले.

देश एकच, मग हा फरक का?

याचं उत्तर एका जमिनीच्या भांडणात आहे. हे भांडण अमेरिका हा देश जन्माला येत असतानाच सुरू झालं आणि त्यापायी देशाची पहिली राज्यघटना तब्बल ३ वर्षांहून जास्त काळ लटकली. शेवटी ज्यांच्याकडं सगळ्यात जास्त जमीन होती, त्याच राज्यांनी ती केंद्राला देऊन टाकली. एकूण २० कोटी एकरांहून जास्त.

आता एक गुंठा सोडायचा म्हटलं तर सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात. मग या राज्यांनी एवढी जमीन दिली कशी? फुकट दिली का? आणि मुळात ती त्यांची होती का?

राजानं सनद दिली, पण मोजणी कुणी केली नाही

गोष्ट सुरू होते ती इंग्लंडच्या राजांपासून. १७ व्या शतकात इंग्लंडनं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वसाहती बसवायला सुरुवात केली. त्यासाठी राजा सनद द्यायचा. अडचण अशी होती की हा खंड आत किती पसरलाय, याची लंडनमध्ये कुणालाच कल्पना नव्हती.

त्यामुळं सनदांमधली भाषा भलतीच मोकळी होती. १६०९ च्या सनदेत व्हर्जिनियाला 'समुद्रापासून समुद्रापर्यंत' अशी जमीन मिळाली. १६६२ च्या सनदेत कनेक्टिकटची पश्चिमेकडची हद्दसुद्धा थेट पलीकडच्या समुद्रापर्यंत नेण्यात आली. मॅसॅच्युसेट्स, नॉर्थ आणि साऊथ कॅरोलायना, जॉर्जिया यांच्याकडंही अशाच सनदा होत्या. न्यूयॉर्कचा दावा जरा वेगळा होता. इरोक्वॉय या मूळ रहिवाशांच्या संघाशी आपले करार आहेत, म्हणून त्यांच्या प्रभावाखालची जमीन आपली, असं न्यूयॉर्क सांगायचं.

म्हणजे सातबारा एक आणि नावं चार, अशी गत. आजच्या ओहायो राज्याच्या उत्तर भागावर व्हर्जिनिया, कनेक्टिकट आणि न्यूयॉर्क असे तिघंही दावा सांगत होते. आजच्या मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या काही भागावर मॅसॅच्युसेट्स आणि व्हर्जिनिया या दोघांचा डोळा होता.

त्यात १७६३ मध्ये ब्रिटनच्या राजानं फर्मान काढलं की ॲपलेशियन डोंगररांगेच्या पलीकडं वसाहतवाल्यांनी वस्ती करायची नाही. तिकडं मूळ रहिवासी राहतात, तिथं घुसलात तर पुन्हा युद्ध पेटेल आणि त्याचा खर्च आमच्या डोक्यावर बसेल, असा हिशेब त्यामागं होता. वसाहतवाल्यांना हे अजिबात रुचलं नाही. ब्रिटनवर जो राग साठत गेला, त्यात या फर्मानाचाही वाटा होता.

७ जणांकडं जमीन, ६ जणांकडं काहीच नाही

१७७६ साली १३ वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केलं. राजा गेला, राजाचं फर्मानही गेलं. मग डोंगरापलीकडची जमीन कुणाची?

मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, न्यूयॉर्क, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, साऊथ कॅरोलायना आणि जॉर्जिया ही ७ राज्यं म्हणाली, "आमची. ही बघा सनद."

उरलेली ६ राज्यं होती मेरीलँड, न्यू जर्सी, डेलावेअर, पेनसिल्व्हेनिया, ऱ्होड आयलंड आणि न्यू हॅम्पशायर. यांच्या हद्दी ठरलेल्या होत्या. पश्चिमेला वाढायला एक इंचही जागा नव्हती.

यात सगळ्यात मोठा जमीनदार होता व्हर्जिनिया. आजचं केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनिया तर त्याच्याकडं होतंच, शिवाय ओहायो नदीच्या उत्तरेकडच्या सगळ्या प्रदेशावर त्याचा दावा होता. हा उत्तरेकडचा पट्टा किती मोठा असेल? आपला महाराष्ट्र दोनदा मावेल आणि वर जागा उरेल, एवढा.

व्हर्जिनिया नुसता कागद दाखवून थांबला नव्हता. १७७८-७९ मध्ये व्हर्जिनियाच्या जॉर्ज रॉजर्स क्लार्क या तरुण अधिकाऱ्यानं थोडक्या सैन्यानिशी कास्कास्किया आणि व्हिन्सेन्स ही ठाणी ब्रिटिशांकडून घेतली. व्हर्जिनियानं लगेच तिथं 'इलिनॉय काउंटी' जाहीर केली. १७७९ मध्ये जमीन विकण्यासाठी सरकारी कार्यालयही उघडलं.

मेरीलँड म्हणालं, "आधी जमीन सोडा, मग सही"

इकडं काँग्रेसनं नव्या देशासाठी पहिली राज्यघटना तयार केली. तिचं नाव 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन'. नोव्हेंबर १७७७ मध्ये काँग्रेसनं ती मंजूर केली, पण ती लागू व्हायला सगळ्या १३ राज्यांची संमती लागत होती. १२ असून भागणार नव्हतं.

या घटनेत एक ओळ अशी होती की केंद्राच्या फायद्यासाठी कुठल्याही राज्याचा प्रदेश काढून घेता येणार नाही. जमीनवाल्या राज्यांनी ती आग्रहानं घालून घेतली होती.

फेब्रुवारी १७७९ पर्यंत १२ राज्यं तयार झाली. मेरीलँड अडून बसलं.

त्यांचं म्हणणं समजून घ्यायला पाहिजे, कारण ते रास्त होतं. ही लढाई आपण १३ जण मिळून लढतोय. रक्त सगळ्यांचं, पैसा सगळ्यांचा. मग जिंकलेल्या जमिनीचा मालक एकटा व्हर्जिनिया का? आणि तसं झालं तर पुढं काय होईल? व्हर्जिनिया जमीन विकून आपलं कर्ज फेडेल. तिथले कर कमी होतील. शेजारच्या मेरीलँडमध्ये मात्र युद्धाचं कर्ज फेडायला कर वाढवावे लागतील. मग आमची माणसं घरदार विकून व्हर्जिनियाच्या स्वस्त जमिनीकडं निघून जातील आणि आम्ही बसू रिकाम्या राज्यात.

त्यात सैनिकांचाही प्रश्न होता. १७७६ मध्ये काँग्रेसनं शब्द दिला होता की युद्ध संपेपर्यंत लढणाऱ्या साध्या सैनिकाला १०० एकर आणि कर्नलला ५०० एकर जमीन मिळेल. हा शब्द देणाऱ्या काँग्रेसकडं स्वतःची एक एकरसुद्धा जमीन नव्हती. उद्या ती व्हर्जिनियाकडून विकत घ्यावी लागली, तर त्याचे पैसे मेरीलँडच्या लोकांनी भरायचे का?

इथपर्यंत मेरीलँडची बाजू तत्त्वाची वाटते. पण पडद्यामागं आणखी एक विषय होता.

तत्त्वाच्या मागं जमिनीचे दलाल

मेरीलँड आणि पेनसिल्व्हेनियातल्या बड्या लोकांनी जमीन कंपन्यांत पैसे गुंतवले होते. या कंपन्यांनी ओहायो नदीच्या आसपास मूळ रहिवाशांच्या जमातींकडून परस्पर मोठ्या जमिनी 'खरेदी' केल्या होत्या. इलिनॉय-वॅबॅश कंपनी त्यातलीच एक. खुद्द मेरीलँडचे पहिले गव्हर्नर थॉमस जॉन्सन यांचा त्यात हिस्सा होता.

व्हर्जिनियाचं म्हणणं स्पष्ट होतं की आमच्या हद्दीतले असले व्यवहार आम्ही मानत नाही. जमीन काँग्रेसकडं गेली तर मात्र तिथं वशिला लावून खरेदी कायदेशीर करून घेता येईल, अशी कंपन्यांना आशा होती. त्यामुळं 'जमीन सगळ्या देशाची झाली पाहिजे' असं जे लोक मोठ्यानं सांगत होते, त्यातल्या काहींचा खिसाही त्यात अडकलेला होता.

व्हर्जिनियाला हे पुरतं माहीत होतं. आपण उदार होऊन जमीन द्यायची आणि ती या कंपन्यांच्या घशात जायची, ही त्यांची खरी भीती होती.

युद्ध संपलेलं नव्हतं, ब्रिटिश हरले नव्हते, जमीन प्रत्यक्षात कुणाच्याच ताब्यात नव्हती. तरी भांडण जोरात. बाजारात तुरी म्हणतात ती हीच.

मग तिढा सुटला कसा?

पहिलं पाऊल न्यूयॉर्कनं टाकलं. त्यांचा दावा तसाही कच्चा होता. फेब्रुवारी १७८० मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळानं आपला पश्चिमेकडचा दावा सोडायची तयारी दाखवली.

हीच संधी साधून सप्टेंबर १७८० मध्ये काँग्रेसनं बाकीच्या राज्यांनाही आवाहन केलं. नुसतं आवाहन करून राज्यं हलणार नाहीत हे दिसत होतं. म्हणून १० ऑक्टोबर १७८० ला काँग्रेसनं एक ठराव केला. वरवर साध्या दिसणाऱ्या या ठरावात तीन वचनं होती.

एक, राज्यांनी दिलेली जमीन सगळ्या देशाच्या फायद्यासाठीच वापरली जाईल.

दोन, त्या जमिनीवर वेगळी, नवी प्रजासत्ताक राज्यं तयार केली जातील.

तीन, ही नवी राज्यं जुन्या १३ राज्यांच्या बरोबरीची असतील. तेच अधिकार, तोच दर्जा.

तिसऱ्या वचनाचं महत्त्व लक्षात घ्या. त्या काळात लांबचा प्रदेश ताब्यात आला की त्याची वसाहत करायची, हीच रीत होती. ब्रिटननं या १३ जणांना तसंच वागवलं होतं. इथं काँग्रेस सांगत होती की पश्चिमेला जाणारा माणूस आपली प्रजा होणार नाही, तो आपल्याइतकाच नागरिक राहील.

२ जानेवारी १७८१ ला व्हर्जिनियाच्या विधिमंडळानं ओहायो नदीच्या उत्तरेकडची जमीन द्यायचं मान्य केलं. यामागं थोडा नाइलाजही होता. रिचमंडमध्ये बसून शेकडो मैल दूरच्या प्रदेशावर राज्य करणं शक्य नव्हतं. शिवाय ब्रिटिश सैन्य दारात आलं होतं. ठरावानंतर तीनच दिवसांनी बेनेडिक्ट अर्नोल्डच्या फौजेनं रिचमंडवर धाड घातली. अशा वेळी एकत्र देश असणं ही व्हर्जिनियाची स्वतःची गरज होती.

मेरीलँडवरही दडपण होतंच. चेसापीक उपसागरात ब्रिटिश जहाजं फिरत होती, किनाऱ्यावर हल्ले होत होते. मेरीलँडनं फ्रान्सचा राजदूत ला लुझर्न याच्याकडं फ्रेंच आरमाराची मदत मागितली. त्यानं संधी साधून सुचवलं की आधी ती सही करून टाका.

१ मार्च १७८१. मेरीलँडच्या जॉन हॅन्सन आणि डॅनियल कॅरोल या प्रतिनिधींनी सही केली आणि अमेरिकेची पहिली घटना लागू झाली. न्यूयॉर्कच्या प्रतिनिधींनी आपल्या दाव्याचा कागद काँग्रेसच्या हवाली केला तोही याच दिवशी.

देताना हातचं राखून दिलं

मेरीलँडची सही झाली तरी व्हर्जिनियाचं घोंगडं आणखी ३ वर्षं भिजत पडलं. कारण होतं व्हर्जिनियाच्या अटी. जमीन कंपन्यांची खरेदी रद्द समजा, क्लार्कच्या सैनिकांना दीड लाख एकर द्या, मोहिमेचा खर्च भरून द्या आणि उरलेल्या व्हर्जिनियाच्या हद्दीची हमी द्या.

हमी द्यायला काँग्रेस तयार झाली नाही. शेवटी व्हर्जिनियानं ती अट सोडली, बाकीच्या बहुतेक गोष्टी जमल्या आणि १ मार्च १७८४ ला दस्तावर सह्या झाल्या. सही करणाऱ्यांत थॉमस जेफरसन आणि जेम्स मन्रो होते. पुढं दोघंही अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

तरी व्हर्जिनियानं सगळं दिलं नाही. केंटकी स्वतःकडं ठेवलं, ते १७९२ मध्ये वेगळं राज्य झालं. आजच्या ओहायोतला सायोटो आणि लिटल मायामी या नद्यांमधला भाग आपल्या सैनिकांसाठी राखून ठेवला. गंमत म्हणजे हा तुकडा आजही नकाशावर ओळखू येतो. आजूबाजूला चौकटी, तर इथले बांध व्हर्जिनियासारखे वेडेवाकडे.

मॅसॅच्युसेट्सनं १७८५ मध्ये दावा सोडला. कनेक्टिकटनं १७८६ मध्ये सोडला, पण ओहायोच्या उत्तरेला लेक इरीच्या काठची ३० लाख एकरांहून जास्त जमीन राखून ठेवली. तिचं नाव 'वेस्टर्न रिझर्व्ह'. त्यातली ५ लाख एकर, ज्यांची घरं ब्रिटिशांनी जाळली त्या कुटुंबांसाठी बाजूला काढली. उरलेली १७९५ मध्ये १२ लाख डॉलर्सना विकली आणि तो पैसा आपल्या शाळांसाठी लावला. ती जमीन मोजायला गेलेल्या मोझेस क्लीव्हलँडच्या नावावरून क्लीव्हलँड शहराचं नाव पडलं. तिथल्या 'केस वेस्टर्न रिझर्व्ह' विद्यापीठाच्या नावात हा राखून ठेवलेला तुकडा अजूनही आहे.

साऊथ कॅरोलायनानं १७८७ मध्ये दावा सोडला. नॉर्थ कॅरोलायनानं तर १७८४ मध्ये जमीन दिली आणि त्याच वर्षी परत घेतली. या गोंधळात तिथल्या लोकांनी चिडून 'फ्रँकलिन' नावाचं स्वतःचंच राज्य जाहीर केलं. ते काही वर्षांतच बारगळलं. १७८९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनानं पुन्हा जमीन दिली आणि १७९६ मध्ये तिथं टेनेसी राज्य झालं. त्याचे पहिले गव्हर्नर जॉन सेव्हियर हे फ्रँकलिनचेही गव्हर्नर होते.

मिळालेल्या जमिनीचं काँग्रेसनं काय केलं?

काँग्रेसला कर लावायचा अधिकार नव्हता. तिजोरीत खडखडाट होता. त्यामुळं ही जमीन म्हणजे एकमेव भांडवल.

१७८५ मध्ये जमिनीच्या मोजणीचा कायदा झाला. जमिनीचे ६ मैल बाय ६ मैलांचे चौकोन पाडायचे, त्याला म्हणायचं टाउनशिप. प्रत्येकाचे ३६ भाग, एक भाग ६४० एकरांचा. भाव किमान एकरी १ डॉलर. १६ नंबरचा भाग शाळेसाठी राखीव. सुरुवातीला नकाशावर दिसल्या त्या चौकटी म्हणजे हीच मोजणी.

एक अडचण मात्र होती. पूर्ण भाग घ्यायचा तर ६४० डॉलर्स लागायचे आणि ते साध्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर होतं. त्यामुळं सुरुवातीला मोठे व्यवहार कंपन्यांनीच केले.

१३ जुलै १७८७ ला 'नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्स' आला. ओहायोच्या उत्तरेला ३ ते ५ राज्यं होतील. ६० हजार स्वतंत्र रहिवासी झाले की बरोबरीच्या नात्यानं देशात प्रवेश. धर्माचं स्वातंत्र्य. आणि गुलामगिरीला बंदी. या कायद्यातून ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिशिगन आणि विस्कॉन्सिन ही ५ राज्यं झाली.

दक्षिणेत मात्र उलटं घडलं. नॉर्थ कॅरोलायनानं जमीन देतानाच अट घातली की काँग्रेसनं इथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी कुठलाही नियम करायचा नाही. जॉर्जियानंही तेच केलं. ओहायो नदीच्या एका काठावर गुलामगिरीला बंदी आणि दुसऱ्या काठावर माणसांचा बाजार, ही रेघ इथं पडली. पुढं ७०-७५ वर्षांनी यादवी युद्धात देश साधारण याच रेघेवर फुटला.

आणि ज्यांची जमीन होती त्यांना विचारलं का?

नाही.

इथपर्यंतच्या गोष्टीत राज्यं, काँग्रेस आणि कंपन्या यांचीच नावं आली. त्या जमिनीवर शॉनी, मायामी, डेलावेअर, चेरोकी, क्रीक अशा जमाती पिढ्यानपिढ्या राहत होत्या. १७८३ च्या पॅरिसच्या तहात ब्रिटननं मिसिसिपी नदीपर्यंतचा प्रदेश अमेरिकेला देऊन टाकला. त्या तहात मूळ रहिवाशांचा साधा उल्लेखही नाही.

नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्समध्ये लिहिलं होतं की त्यांची जमीन त्यांच्या संमतीशिवाय घेतली जाणार नाही. प्रत्यक्षात त्याच कायद्यानं त्यांच्या जमिनीवर ५ राज्यांचा आराखडा आखला होता. लढाई होणारच होती. १७९१ मध्ये लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट यांच्या नेतृत्वाखाली जमातींच्या संघानं अमेरिकन फौजेचा दारुण पराभव केला. ६०० हून जास्त सैनिक मारले गेले. पण १७९४ च्या लढाईत ते हरले आणि १७९५ च्या ग्रीनव्हिल तहात ओहायोचा बहुतेक भाग त्यांच्या हातून गेला.

जॉर्जियानं सगळ्यात शेवटी, १८०२ मध्ये, आजच्या अलाबामा आणि मिसिसिपीचा मोठा भाग केंद्राला दिला. बदल्यात साडेबारा लाख डॉलर्स घेतले आणि एक वचन घेतलं. जॉर्जियात राहिलेल्या जमातींचा जमिनीवरचा हक्क केंद्र सरकार काढून घेईल, असं ते वचन होतं. जॉर्जिया पुढं वर्षानुवर्षं याच वचनाकडं बोट दाखवत राहिलं. १८३० मध्ये मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडं हलवायचा कायदा झाला. १८३८-३९ मध्ये हजारो चेरोकी लोकांना बंदुकीच्या धाकावर घराबाहेर काढून पश्चिमेकडं नेलं. त्यात अंदाजे ४ हजार माणसं गेली, असं मानलं जातं. 'अश्रूंची वाट' म्हणून इतिहासात नोंद आहे ती याचीच.

आणि ज्या कंपन्यांमुळं हे भांडण चिघळलं, त्यांचं काय झालं? थॉमस जॉन्सन यांच्या वारसांनी मूळ रहिवाशांकडून केलेल्या त्या खरेदीचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत नेला. १८२३ मध्ये ते हरले. जमातींकडून जमीन घ्यायचा हक्क फक्त सरकारला आहे, असा निकाल लागला. म्हणजे जमातींनी आपली जमीन विकायची तर गिऱ्हाईक एकच, आणि भावही तेच ठरवणार.

७ राज्यांनी बाकीच्यांवर विश्वास ठेवून जमीन सोडली, म्हणून हा देश टिकला आणि बरोबरीच्या त्या एका वचनामुळं १३ ची ५० राज्यं झाली, हे खरं आहे. मात्र तो विश्वास सह्या करणाऱ्यांपुरताच होता. त्या चौकटींच्या आत आधीपासून राहणाऱ्या लोकांची सही त्या कागदांवर कधी मागितलीच गेली नव्हती.